आवाजाची 'सवय' झालेला कान

'पहिले काही महिने त्रास होतो, मग कानाला सवय होते,' हे यंत्रांच्या खडखडाटात काम करणाऱ्यांना हमखास ऐकवलं जातं. सवय होते ती मेंदूला. कानाच्या आतल्या शंखातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मात्र मरत राहतात आणि पुन्हा उगवत नाहीत.

धोका ठरवताना आवाजाची पातळी आणि वेळ दोन्ही धरावी लागतात. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश संस्थेची शिफारस ८ तासांना ८५ डेसिबल (ए-भारित, म्हणजे माणसाच्या कानाच्या संवेदनशीलतेनुसार मोजलेले). पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ८८ ला ४ तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटं. यंत्राशेजारी एकदा मीटर धरून हे कळत नाही. कामगार फिरत असेल तर डोसमीटरचा (दिवसभराचा एकूण आवाज मोजणाऱ्या, अंगावर लावायच्या यंत्राचा) माइक त्याच्या खांद्यावर पूर्ण पाळीभर हवा.

'मला तर सगळं ऐकू येतं' हाही पुरावा नव्हे. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखात, ऐकण्यातली घट दाखवणारी पहिली खाच बहुधा ३००० ते ६००० हर्ट्‌झमध्ये, विशेषतः ४००० च्या आसपास पडते. शांत खोलीतलं बोलणं तोवर ठीक कळतं, गर्दीत 'स', 'श' निसटू लागतात. आधारभूत चाचणीपूर्वी (जिच्याशी पुढच्या चाचण्या ताडून पाहतात त्या पहिल्या श्रवणचाचणीपूर्वी) कान १४ तास गोंगाटापासून दूर हवेत. पाळी संपताच तपासलं तर तात्पुरता बधिरपणाच नोंदला जातो, आणि पुढची प्रत्येक तुलना फसते.