हार्डनर, पीठ आणि विडी

कुपवाड एमआयडीसीत टू-पॅक रंग, म्हणजे दोन डब्यांतलं मिसळून मारायचा रंग, मारणाऱ्याला त्यातल्या हार्डनरची, म्हणजे रंग घट्ट करणाऱ्या रसायनाची, ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. कित्येक महिने, कधी वर्षंही सुखाची जातात. मग नाक गळायला लागतं आणि रात्री अंथरुणात खोकल्याची उबळ येते. कामाची पाळी संपून काही तास उलटलेले असतात, म्हणून दोष जातो गार हवेला.

हार्डनरमधल्या आयसोसायनेटचा रेणू इतका लहान, की एकटा असताना प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरत नाही. तो आपल्याच प्रथिनांना चिकटतो आणि ती जोडगोळी शरीराला परकी वाटते. एकदा ओळख पटली, की पुढे चिमूटभर वाफही दमा उठवायला पुरते.

कुणाला होणार, हे पदार्थावर ठरतं. बेकरीतल्या पिठातली प्रथिनं किंवा त्यात घातलेलं अमायलेज हे विकर यांचे रेणू मोठे; तिथे जन्मजात ॲलर्जिक प्रकृतीच्या, म्हणजे लहानपणी इसब-शिंकांचा त्रास असलेल्या माणसाला धोका जास्त. एपॉक्सी राळ घट्ट करणारी काही ॲनहायड्राइड रसायनं आणि प्लॅटिनमचे क्षार यांत मात्र विडी-सिगारेट पुढे येते. ब्रिटनमधल्या प्लॅटिनम रिफायनरीतल्या 91 कामगारांचा अभ्यास 1989 साली आला. त्यात धूम्रपान करणाऱ्यांना ॲलर्जी होण्याचं प्रमाण कित्येक पटींनी जास्त निघालं. धुराने श्वासनलिकेचं अस्तर सुजतं, झिरपू लागतं, आणि रसायनाला आत जायला वाट मिळते, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. आयसोसायनेटच्या बाबतीत ॲलर्जिक प्रकृती किंवा विडी, यातली एकही खूण भरवशाची नाही. म्हणून भरतीच्या वेळी 'ॲलर्जी आहे का?' विचारून माणसं गाळणं हा रंगाच्या कामात तरी निव्वळ भाबडेपणा.

संशय आला तर पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा जोर मोजणारी नळी, घ्या. दिवसातून किमान चारदा, दर वेळी तीन फुंकांतला सर्वांत मोठा आकडा वहीत लिहा. हे तीन-चार आठवडे, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. कामाच्या दिवसांत आकडे घसरतात आणि सुट्टीत वर येतात का, हे डॉक्टरांना दाखवा.

तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. वासावरही विसंबू नका. आयसोसायनेटचा वास येईपर्यंत हवेतली सुरक्षित मर्यादा ओलांडलेली असते. फवारणीला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. स्प्रे गन थांबली तरी न दिसणारा फवारा रंगाच्या बूथमध्ये काही मिनिटं तरंगत राहतो, आणि बरेच जण नेमके तेव्हाच मास्कची काच वर करून रंग कसा बसलाय ते बघतात.