राया (प्रियकरवाचक शब्द)

राया : प्रियकराला किंवा पतीला उद्देशून वापरला जाणारा जुना मराठी शब्द. रोजच्या बोलण्यातून तो जवळजवळ गेला असला, तरी लावणीत आणि तमाशापटांच्या गाण्यांत टिकून आहे.

मूळ संस्कृत ‘राजा’. प्राकृतात मधला ‘ज’ गळून ‘राआ’, ‘राया’ अशी रूपे झाली. मराठीतले ‘राय’ आणि ‘राव’ याच घरातले. शिवरायांमधला ‘राय’, उखाण्यात नवऱ्याच्या नावाला जोडलेला ‘राव’ आणि मित्राला घातलेली ‘काय राव!’ ही हाक, ही सगळी रायाची भावंडे.

लावणी बहरण्याच्या पुष्कळ आधी संतकवितेत हा शब्द देवासाठी रुळला होता : पंढरीराया, रघुराया. जात्यावरच्या ओवीत बहीण ‘भाऊराया’ म्हणते. ज्याच्यापुढे हट्ट धरता येतो असा मोठा माणूस, हा भाव देव, भाऊ आणि प्रियकर या तिघांनाही लागू पडतो. शब्दाची खरी गोडी यातच आहे.

पेशवाईच्या उत्तरकाळात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर अशा शाहिरांच्या हाती शृंगारिक लावणी बहराला आली. लिहिणारे पुरुष, पण बोलणारी बहुधा स्त्री. घरात नवऱ्याचे नाव न घेण्याची रीत असल्याने, नाव टाळूनही जवळीक सांगणारे संबोधन तिला हवेच होते. ‘सख्या’, ‘साजणा’, ‘राजसा’, फारसी वळणाचे ‘दिलवरा’ हे त्याचेच सोबती. यांतला ‘राजस’ही तुकोबांनी ‘राजस सुकुमार मदनाचा पुतळा’ असा विठ्ठलासाठी वापरलेला आहे.

क्रियापदाकडे पाहिले की आणखी एक गंमत दिसते. भक्त देवाला ‘तू’ म्हणतो. लावणीतली नायिका मात्र रायाला बहुधा ‘तुम्ही’च म्हणते : ‘राया, चला’, ‘राया, जाऊ नका’. लाडिक मागणी आणि अदब एकाच वाक्यात नांदतात. विरहाच्या लावणीत हीच अदब अधिक बोचते, कारण मोहिमेवर गेलेल्या धन्याला आर्जव करण्यापलीकडे तिच्या हाती काही नसते.

गाणाऱ्यांसाठीही हा शब्द सोयीचा. दोन्ही अक्षरांत दीर्घ ‘आ’, मध्ये अडवणारे कठोर व्यंजन नाही. त्यामुळे बैठकीच्या लावणीत गायिका तो हवा तेवढा लांबवते आणि प्रत्येक वेळी निराळ्या अदेने कधी रुसवा, कधी विनवणी दाखवते.