१०८ मध्ये डॉक्टर का असतो आणि स्ट्रेचर कोण उचलतं: थोडी पार्श्वभूमी

दर थोड्या दिवसांनी कुठेतरी व्हिडिओ फिरतो, १०८ आलेली असते, पेशंट तिसऱ्या मजल्यावर, आणि डॉक्टर गर्दीला म्हणतायत की चारजण या हो जरा. खाली कमेंट ठरलेल्या. एकजण म्हणतो सरकारी काम असंच, दुसरा म्हणतो बीएएमएसवाल्याला (म्हणजे आयुर्वेदाच्या डॉक्टरला) काय कळतं इमर्जन्सीतलं. दुसरा मुद्दा दहा वर्षांहून जास्त चघळला जातोय आणि पहिल्याकडे (म्हणजे चारजण का बोलवावे लागतात याकडे) कोणी बघतच नाही. प्रत्येक गाडीत डॉक्टर ठेवायच्या एकाच निर्णयाशी दोन्ही गोष्टी जोडलेल्या आहेत म्हणून हा पसारा.

मुंबईत आग विझवायची व्यवस्था अँब्युलन्सच्या कितीतरी आधीची आहे. १८५५ च्या सुमारास पोलिसांच्या हाताखाली घोड्यांच्या बंबांवर सुरुवात, मग १८८८ च्या कायद्याने ती पालिकेची जबाबदारी झाली, १९०७ ला पहिला मोटारबंब आला. १४ एप्रिल १९४४ चा व्हिक्टोरिया डॉकचा स्फोट आणि त्यात गेलेले ६६ जवान सगळ्यांना माहिती आहेत, अग्निशमन सेवा दिन त्याच तारखेला असतो. या इतिहासातली आपल्या कामाची गोष्ट एवढीच की बंबावर पहिल्यापासून हात जास्त. ड्रायव्हर, लीडिंग फायरमन आणि मागे फायरमन. हे काही उदारपणे ठरलेलं नव्हतं, सामानानेच ते ठरवलं. होजमध्ये प्रेशरने पाणी आलं की ब्रांच (होजच्या टोकाची धातूची नळी) एकट्याला आवरत नाही, शिडी एकट्याने लागत नाही, आणि पाठीवर बीए सेट (श्वासासाठी हवेचा सिलिंडर आणि मास्क) चढवून धुरात जायचं तर जोडीनेच जायचं असतं. त्यामुळे माणसं कमी करून बंब चालवू असं कोणी म्हटलं तर पहिल्याच कॉलला उघडं पडेल.

अँब्युलन्सचं तसं नाही. तिला ड्रायव्हर एकटासुद्धा घेऊन जाऊ शकतो आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं तेच चाललं. ग्रामीण रुग्णालयाची एक गाडी, बहुतेक वेळा दुरुस्तीला गेलेली. शहरात ट्रस्टची, गणपती मंडळाची, नाहीतर आमदार निधीतून आलेली गाडी, जिच्यावर रेड क्रॉसपेक्षा दात्याचा फोटो मोठा. आत एक बाकडं, एक सिलिंडर, सलाईन लटकवायला हूक, संपलं. पेशंटला उचलायचं काम नातेवाइकांचं आणि शेजाऱ्यांचं. मेळघाटात, गडचिरोलीत, पालघरच्या पाड्यांवर डांबरी रस्त्यापर्यंत झोळी करून आणायचं ते गावाने, आणि पावसाळ्यात अजूनही आणतात. मुंबईच्या लोकल स्टेशनांवर रुळावर पडलेल्या माणसाला स्ट्रेचरवर घालून बाहेर काढायचे ते हमाल. ११ जुलै २००६ च्या लोकलमधल्या स्फोटांत तर रुळांशेजारच्या वस्तीतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले, त्या चादरींची स्ट्रेचर केली आणि मिळेल त्या गाडीने जखमींना हॉस्पिटलला नेलं. उचलणारा माणूस फुकट मिळतो हे आपण इतकं गृहीत धरलंय की पुढे करार करतानाही तो कुणी लिहिला नाही, असं माझं मत.

बाहेर काय चाललं होतं ते थोडक्यात. अमेरिकेत साठच्या दशकापर्यंत जवळपास निम्म्या अँब्युलन्स अंत्यविधीचा धंदा करणारे लोक चालवायचे, कारण आडवं झोपवता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची (दोन्हीकडून फायदा, असा विनोद तेव्हा नक्की झाला असणार). १९६६ ला उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाने डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) गाडीत घातला, तो कारच्या बॅटऱ्यांवर चालायचा आणि वजन ७० किलोच्या आसपास. तिथे गाडीत डॉक्टरच बसायचा. त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये काळ्या वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना कित्येक महिने नीट प्रशिक्षण देऊन गाडीवर पाठवायला सुरुवात झाली आणि डॉक्टर नसतानाही काम होतं हे दिसलं. मग दोन वाटा पडल्या. फ्रान्स, जर्मनीकडे गंभीर पेशंटसाठी डॉक्टर घटनास्थळी जातो, अमेरिका आणि ब्रिटनकडे पॅरामेडिक (डॉक्टर नसलेला पण या कामाचं प्रशिक्षण घेतलेला माणूस) जातो आणि डॉक्टर हॉस्पिटलमध्ये थांबतो. अमेरिकेत आगी कमी होत गेल्या तशी बऱ्याच ठिकाणी ही सेवा फायर ब्रिगेडनेच अंगावर घेतली, आता तिकडच्या फायर स्टेशनला येणाऱ्या कॉलमध्ये निम्म्याहून जास्त मेडिकल असतात. त्याचा एक साधा परिणाम असा की हार्ट ॲटॅकच्या कॉललाही तिथे अँब्युलन्सच्या मागे बंब येतो आणि त्यातून चार धडधाकट माणसं उतरतात. आपल्याकडे १०१ वेगळं, १०८ वेगळं, खाती वेगळी, कंट्रोल रूम वेगळ्या. आता ११२ सगळ्यांना जोडतो म्हणतात पण नंबर जोडला म्हणजे माणसं जोडली जात नाहीत.

भारतात १०८ सुरू झालं हैदराबादेत, १५ ऑगस्ट २००५ ला. त्याच वर्षी मुंबईत १२९८ नंबरची एक खासगी सेवा सुरू झाली, तिचा हिशोब वेगळाच होता, खासगी हॉस्पिटलला नेलं तर पूर्ण पैसे आणि सरकारी हॉस्पिटलला नेलं तर सवलत, म्हणजे श्रीमंताच्या फेरीतून गरिबाची फेरी निघायची. हैदराबादच्या पद्धतीत गाडीत दोघं, इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन म्हणजे ईएमटी आणि पायलट (ड्रायव्हरला पायलट म्हणायची पद्धत १०८ नेच रुजवली), आणि डॉक्टर कॉल सेंटरमध्ये. ईएमटी फोनवर सांगणार बीपी एवढं आहे, घाम आहे, छातीत दुखतंय, आणि डॉक्टर सांगणार हे दे, ते देऊ नको. गुजरातने २००७ मध्ये, गोव्याने २००८ मध्ये हेच उचललं.

महाराष्ट्र उशिरा आला, जानेवारी २०१४ मध्ये. ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड म्हणजे एएलएस आणि ७०४ बेसिक म्हणजे बीएलएस, कंट्रोल रूम पुण्यात औंधला, शहरात २० मिनिटांत आणि गावाकडे ३० मिनिटांत पोचायचं असं उद्दिष्ट. आणि इथे बाकीच्या राज्यांपेक्षा वेगळं पाऊल टाकलं गेलं, प्रत्येक गाडीत डॉक्टर. एएलएसमध्येच असं नाही, बीएलएसमध्येसुद्धा. म्हणजे सिंधुदुर्गातून गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला पेशंट घेऊन निघालेल्या आपल्या गाडीत डॉक्टर असतो आणि हद्दीपलीकडच्या गोव्याच्या गाडीत ईएमटी, नंबर दोन्हीकडे १०८ च.

हे डॉक्टर बहुतेक बीएएमएस, नाहीतर बीएचएमएस म्हणजे होमिओपॅथीवाले. आणि वाद इथूनच पेटला.

बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे अगदीच टाकाऊ नाहीत. तेव्हा देशपातळीवर पॅरामेडिकला कायद्याने काही ओळखच नव्हती, ना कौन्सिल ना रजिस्ट्रेशन, मग फोनवरच्या सांगण्यावरून ईएमटीने इंजेक्शन दिलं आणि काही झालं तर जबाबदार कोण. डॉक्टर असला की निदान नोंदणी असलेला माणूस आहे. दुसरं, महाराष्ट्रात आयुर्वेद आणि होमिओपॅथीची कॉलेजं भरपूर, दरवर्षी डॉक्टर भरपूर, नोकऱ्या कमी. राज्याने बीएएमएसवाल्यांना ॲलोपॅथीची औषधं वापरायची मोकळीक नव्वदच्या दशकातच दिलेली होती. होमिओपॅथीवाल्यांसाठी एक वर्षाचा फार्माकॉलॉजीचा कोर्स करून तशी परवानगी देणारी दुरुस्ती २०१४ मध्येच आली, म्हणजे १०८ सुरू झालं त्याच वर्षी, आणि ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटना त्यावर आजही तापलेल्या आहेत. तिसरं म्हणजे लोकांना बरं वाटतं. गाडीतून डॉक्टर उतरला की नातेवाईक निम्मे शांत होतात, हे कुणीही १०८ वाला सांगेल.

विरोधातलं म्हणणं असं की साडेपाच वर्षं आयुर्वेद शिकलेल्या माणसाला थोड्या दिवसांच्या ट्रेनिंगवर श्वासनळीत ट्यूब टाकायला आणि शॉक द्यायला बसवता, त्यापेक्षा फक्त हेच आणि एवढंच शिकलेला ईएमटी बरा. पगार डॉक्टरच्या मानाने कमी, मग चांगला माणूस पीजीची सीट किंवा स्वतःचा दवाखाना होईपर्यंतच टिकतो, हात बसेपर्यंत गेला. आणि खर्च जास्त पडतो तो वेगळाच.

मला विचाराल तर डिग्रीच्या या भांडणाला गरजेपेक्षा जास्त भाव मिळाला. बीएलएस गाडीतलं रोजचं काम बघा. ऑक्सिजन लावणं, सक्शन, नेब्युलायझर, ग्लुकोमीटरने शुगर बघणं, मानेला कॉलर घालणं, मोडलेल्या हाडाला स्प्लिंट बांधणं, अँब्यु बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबत बसणं, आणि बाळंतपण. ते तर गाडीतच होतं, रस्त्यात कडेला थांबून, डिलिव्हरी किट उघडून. यातलं बहुतेक सगळं कुठलाही नीट शिकवलेला माणूस करतो आणि बरेच बीएएमएसवाले फार चांगलं करतात, चार वर्षं टिकलेला डॉक्टर बघितला तर वाद घालायची इच्छा राहत नाही. खरी अडचण त्याला दोनच हात आहेत ही. गाडीत डॉक्टर आणि पायलट, तिसरं कोणी नाही. अटेंडंट नाही, वॉर्डबॉय नाही.

स्कूप स्ट्रेचर हे सामान घ्या. मधून उघडतं, दोन्ही बाजूंनी पेशंटखाली सरकवून लॉक करायचं, म्हणजे मणका हलत नाही. चांगली वस्तू आहे. आता ८० किलोचा माणूस, चाळीतला अरुंद जिना, वळणावर स्ट्रेचर उभं करावं लागतं. दोघांत उतरवून बघा. त्यातून पेशंटचा श्वास चालत नसेल तर डॉक्टरने बॅग दाबायची की पायाकडची बाजू धरायची. गाडीत चढवल्यावरही तेच, सीपीआर चालू असताना छाती दाबणारा एक आणि श्वास देणारा एक लागतो, पायलट तर स्टीअरिंगवर. नातेवाइकाला बॅग कशी दाबायची ते चालत्या गाडीत शिकवलेले डॉक्टर खूप आहेत. ईएमटीच्या राज्यांतही गाडीत दोघंच असतात, त्यामुळे हा दोष डॉक्टर ठेवल्याने आला असं नाही. पण महाराष्ट्राने त्या दोघांतल्या एकावर जास्त खर्च करायचं ठरवलं आणि तिसऱ्या माणसाचा विषय तिथेच मिटला. दोन ईएमटी की एक डॉक्टर, हा प्रश्न खरं तर तेव्हाच विचारायला हवा होता.

यात अजून एक भर. १०८ मृतदेह नेत नाही, त्यासाठी शववाहिका. ईएमटी असता तर त्याने फोनवर विचारलं असतं आणि बरेचदा हॉस्पिटललाच नेलं असतं. डॉक्टर असल्यामुळे घरात जाऊन नाडी बघून पेशंट गेलेत हे तिथल्या तिथे सांगायची वेळ त्याच्यावर येते, भोवती पंधरा माणसं, आणि मग गाडी रिकामी का निघाली म्हणून रस्ता अडवतात. मारहाणीच्या बातम्या येतात त्यातल्या काहींच्या मागे हेच असतं.

हॉस्पिटलच्या दारातही सुटका नाही. जखमीला आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय. पण प्रत्यक्षात बेड नाही हे ऐकावं लागतंच आणि स्ट्रेचर तर त्याहून नसतं, मग गाडीचंच स्ट्रेचर कॅज्युअल्टीत अडकून पडतं आणि ते मोकळं होईपर्यंत गाडी पुढचा कॉल घेऊ शकत नाही. २० मिनिटांचं उद्दिष्ट इथे किती खाल्लं जातं ते कागदावर दिसत नाही. कोविडमध्ये ही वाट बघणं तासांवर गेलं होतं, पीपीई घालून, ऑक्सिजनच्या काट्याकडे बघत.

गाडीच्या बाबतीत मात्र मधल्या काळात सुधारणा झाली हे मान्य करायला पाहिजे. पूर्वी टेम्पो ट्रॅव्हलरला पांढरा रंग आणि वर दिवा लावला की अँब्युलन्स. मग केंद्राचं एआयएस १२५ नावाचं मानक आलं, ए म्हणजे मोटरसायकलसारखं आधी पोचणारं वाहन, बी नुसती ने-आण, सी बेसिक, डी ॲडव्हान्स्ड, आणि आत काय कुठे असावं हे त्यात ठरलं. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा केंद्रीय कायदा झाला आणि त्याच्या यादीत इमर्जन्सी टेक्नॉलॉजिस्ट म्हणजे पॅरामेडिक आला. म्हणजे २०१४ ला ज्या कारणाने ईएमटी नको म्हटलं जायचं ते मुख्य कारण तरी कागदावर गेलं.

तरी २०२४ च्या नव्या ठेक्यात हा विषय चर्चेत आलाच नाही. गदारोळ झाला तो रकमेवरून आणि ठेका कोणाला यावरून, विधानसभेपासून कोर्टापर्यंत. ठेक्यात गाड्यांचा आकडा मोठा झाला, एकूण १,७५६, त्यात २५५ एएलएस, १,२७४ बीएलएस, नवजात बाळांसाठी ३६, पाण्यातून नेणाऱ्या २५ बोटी आणि १६६ बाईक.

बाईकचा प्रकार मुंबईत ऑगस्ट २०१७ मध्ये १० गाड्यांवर सुरू झाला होता, ट्रॅफिकमधून आणि गल्ल्यांतून लवकर पोचायला, आणि पोचतेही. ती चालवतो डॉक्टर स्वतः. पायलटही नाही. मागच्या बॉक्समध्ये छोटा सिलिंडर आणि औषधं असतात, स्ट्रेचर अर्थातच नसतं, त्यामुळे पेशंटला खाली कोणी आणायचं हा प्रश्न मोठी गाडी येईपर्यंत तसाच राहतो, आणि मोठी गाडी आली की पुन्हा दोघं उतरतात.