योकोहामा की कोबे? सगळं सारखंच दिसतं, पण चढ कुठे आहे ते बघा

जपानची ट्रिप ठरवताना टोकियो झालं, क्योटो झालं, की घरात कोणीतरी म्हणतंच की एक-दोन दिवस समुद्राकाठी पण काढूया, आणि मग योकोहामा की कोबे हा प्रश्न येतो. फोटो बघून काही कळत नाही कारण दोन्हीकडे तेच: बंदर, बंदरावर टॉवर, चायनाटाऊन, टेकडीवर परदेशी व्यापाऱ्यांचे जुने बंगले, रात्री लाइटिंग केलेला मोठा पाळणा. मोतोमाची नावाचा बाजार दोन्ही शहरांत आहे, लहान मुलांचं आनपानमान म्युझियम पण दोन्ही शहरांत आहे. आम्ही दोन्ही केली, एकदा दोघंच आणि नंतर आई-बाबा आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन, आणि दुसऱ्या वेळी कळलं की ही दोन शहरं पायांना अजिबात सारखी लागत नाहीत.

सारखी का दिसतात त्याचं कारण सोपं आहे. जपानने परदेशी व्यापाराला बंदरं उघडली तेव्हा योकोहामा १८५९ ला उघडलं आणि कोबे १८६८ ला, दोन्हीकडे परदेशी लोकांना राहायला वेगळी वस्ती दिली, ते पुढे टेकडीवर बंगले बांधून राहिले, त्यांच्याबरोबर चिनी व्यापारी आले आणि त्यांची गल्ली झाली. म्हणजे इतिहास एकच, जमीन मात्र वेगळी.

कोबेत मागे रोक्को डोंगर, ९३१ मीटर उंच, समोर समुद्र, आणि मध्ये जेमतेम दोन-चार किलोमीटरच्या पट्टीत अख्खं शहर बसवलंय. तिथले लोक रस्ता सांगताना सुद्धा डोंगराकडची बाजू, समुद्राकडची बाजू असंच सांगतात, आपल्याकडे कोकणात वरची आळी खालची आळी म्हणतात ना तसंच. त्यामुळे चुकायची भीती नाही, डोंगर दिसला की दिशा कळली. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की डोंगराकडे जायचं म्हणजे चढ आलाच. बंगले आहेत त्या कितानो भागात चांगलाच चढ आहे, गल्ल्या अरुंद, बाबागाडी ढकलून माझे हात भरून आले आणि आईचे गुडघे दुसऱ्या वळणालाच बोलायला लागले.

योकोहामा पसरलेलं आहे. जवळपास ३७ लाख वस्ती, कोबेच्या दुपटीहून जास्त, आणि फिरायचा मुख्य भाग म्हणजे मिनातो मिराई, तो भराव घालून केलेला, एकदम सपाट. लाल विटांची जुनी गोदामं, कपनूडल्स म्युझियम, ११२.५ मीटर उंचीचा पाळणा, पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने यामाशिता पार्क, सगळं रुंद फुटपाथवरून होतं, बाबागाडी आणि म्हातारी माणसं दोघांनाही चालतं. टेकडी इथेही आहे, यामाते, पण मोतोमाची-चुकागाई स्टेशनातूनच सरकत्या जिन्याने आणि लिफ्टने थेट वरच्या बागेत निघता येतं. हे आम्हाला आधी माहीत असतं तर बाबा त्या दिवशी खालीच बसून राहिले नसते, म्हणून मुद्दाम लिहितेय.

स्टेशनांचा घोळ वेगळाच. शिन्कान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन योकोहामा स्टेशनला थांबतच नाही, शिन-योकोहामाला थांबते, तिथून बंदराकडे जायला परत लोकल धरायची, सामान असेल तर ते जाणवतं. टोकियोतच राहत असाल तर शिन्कान्सेनचं नावच काढू नका, साध्या ट्रेनने अर्ध्या तासात पोचता. कोबेचं शिन-कोबे मात्र शहराला चिकटून आहे, मेट्रोने एक स्टेशन की सान्नोमिया. आणि शिन-कोबेच्या मागेच, चालत पंधरा-वीस मिनिटांवर, ४३ मीटरचा नुनोबिकी धबधबा आहे. बुलेट ट्रेनमधून उतरून थेट धबधब्यावर जायचं, हे मला अजून खरं वाटत नाही. वाटेत पायऱ्या आहेत, तेव्हा हा कार्यक्रम दोघांसाठीच ठेवा.

दोघंच असाल तर माझं मत सरळ कोबे. संध्याकाळी मेरिकेन पार्कमध्ये बसायचं, डमरूसारखा लाल पोर्ट टॉवर उजळतो, मागे डोंगर काळा होत जातो. त्याच पार्कच्या कडेला १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात मोडलेला धक्का तसाच जपून ठेवलाय, वाकडे झालेले दिवे, खचलेला काँक्रीट, खाली पाणी. ६,४३४ माणसं गेली त्या भूकंपात. आम्ही तिथे बराच वेळ नुसते उभे होतो. दुसऱ्या दिवशी डोंगरापलीकडे आरिमा ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याचे झरे, तांबूस गढूळ गरम पाणी, लोह आणि मीठ असलेलं. सार्वजनिक कुंडात बायका-पुरुष वेगळे असतात, एकत्र जायचं असेल तर खाजगी कुंड असलेलं हॉटेल आधीच बुक करा.

चायनाटाऊनमध्ये योकोहामाचं जपानातलं सगळ्यात मोठं, कोबेचं नानकिनमाची लहानसं, अर्ध्या तासात बघून होतं. शाकाहारी लोकांना दोन्हीकडे विचारूनच खावं लागतं कारण साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये सुद्धा माशाचा स्टॉक असतो. कपनूडल्स म्युझियममध्ये मुलं स्वतःचा कप रंगवतात, मुलगी जाम खूश होती, पण आतलं सूप शाकाहारी नसतं हे आधीच समजून जा. कोबेत या बाबतीत जीव जरा शांत होतो कारण जुनी भारतीय वस्ती आहे, भारतीय हॉटेलं आहेत, आणि कितानोतच पांढऱ्या संगमरवराचं जैन मंदिर पण आहे.

ही वस्ती तिथे कशी आली ते मला फार आवडतं. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने एका जपानी कंपनीची कोबे ते मुंबई बोट सुरू झाली, आपल्याकडचा कापूस तिकडच्या गिरण्यांना न्यायला. योकोहामात पण भारतीय रेशीम व्यापारी होते, १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात ते शहर उद्ध्वस्त झालं आणि त्यातले बरेच जण कोबेला गेले. यामाशिता पार्क त्याच भूकंपाच्या ढिगाऱ्यावर केलाय, आणि तिथे भारतीयांनी बांधून दिलेली घुमटाची पाणपोई आहे, भूकंपात मदत केल्याबद्दल आभार म्हणून आणि गेलेल्या आपल्या माणसांच्या आठवणीसाठी. लोक समोरच्या हिकावा मारू जहाजाचे फोटो काढतात आणि हिच्याजवळून निघून जातात, तुम्ही तसं करू नका. मुंबई आणि योकोहामा १९६५ पासून सिस्टर सिटी आहेत, बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी पाणपोईला दोनदा चक्कर मारली.

तर लहान मुलं आणि आई-बाबा बरोबर असतील आणि मुक्काम टोकियोत असेल तर योकोहामाला एक अख्खा दिवस द्या. दोघंच असाल किंवा ओसाकाला राहणार असाल तर कोबे, ओसाकाहून वीस-पंचवीस मिनिटं लागतात, पण नुसतं जाऊन येऊ नका, एक रात्र राहाच. दोन्ही करायची असतील तर शिन-योकोहामाहून शिन-कोबेला नोझोमी या बुलेट ट्रेनने अडीच तासांच्या आसपास लागतात, तिकीट काढताना उजवीकडची ई सीट मागा, हवा स्वच्छ असेल तर फुजी त्याच बाजूला दिसतो.