फोटो एकच, मागण्या पाचशे

पाचशे जणांच्या ग्रुपवर एक फोटो पडतो आणि ज्यांची ज्यांची स्क्रीन उघडी असते त्यांचे फोन तो एकदमच मागू लागतात. अर्ध्या तासाने त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. चॅटमधल्या फोटोंची ही चाल ओळखली, तर त्यांच्यासाठीचा कॅशे, म्हणजे पुन्हा लागेल ते हाताशी ठेवणारी तात्पुरती साठवण, अगदी छोट्या प्रोग्रॅममध्ये भागतो.

मोठी सोय अशी, की पाठवलेला फोटो बदलत नाही. 'हातातली प्रत शिळी तर झाली नाही ना?' ही कॅशेची नेहमीची डोकेदुखी इथे नाहीच. फोटोच्या बाइट्सवरून एसएचए-२५६ नावाच्या गणिती पद्धतीने ६४ अक्षरांचा ठसा काढायचा आणि फाइलला तेच नाव द्यायचं. बाइट्स तेच असले की ठसाही तोच येतो. तोच फोटो दहा ग्रुपांत फिरला तरी प्रत एकच राहते. ब्राउझरलाही सांगून टाकता येतं, की ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे वर्षभर, पुन्हा विचारायला येऊ नकोस. मेमरीत काय ठेवायचं याचा घोळही स्वतः घालू नये. नुकत्याच वाचलेल्या फाइली ऑपरेटिंग सिस्टिम आपणहून रॅममध्ये धरून ठेवते, आणि ते काम ती आपल्यापेक्षा बरं करते.

खरी कसोटी पहिल्या सेकंदाची. कॅशे रिकामा आहे, पाचशे मागण्या आल्या, प्रत्येकीला 'नाही' असं उत्तर मिळालं आणि प्रत्येकीने मूळ फोटो आणून त्याची छोटी आवृत्ती बनवायला घेतली. ४००० × ३००० पिक्सेलचा जेपेग डिस्कवर चार-पाच एमबीचा दिसतो, पण उलगडला की दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी. पाचशे वेळा उलगडला तर २४ जीबी! छोटा सर्व्हर तिथेच आडवा होतो. उपाय साधा आहे: जी मागणी पहिली आली तिनेच काम करायचं, बाकीच्यांनी तिच्या उत्तराची वाट पाहायची. गो भाषेत यासाठी 'सिंगलफ्लाइट' नावाचं पॅकेज आहे, एनजिनएक्स या वेब सर्व्हर प्रोग्रॅममध्येही तशी सेटिंग आहे. मात्र तयार होणारी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहावी आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्यावं. नाहीतर मधेच डोकावणाऱ्याला वरचा अर्धा चेहरा आणि खाली करडा पट्टा मिळतो, आणि वर्षभर विचारू नकोस असं आपणच बजावलेलं असल्यामुळे तो पट्टा त्याच्या फोनमध्ये ठाण मांडून बसतो.

डिस्क भरली की काय काढायचं? आयबीएममधल्या लास्लो बेलाडींनी १९६६ मध्येच आदर्श उत्तर दिलं: ज्याची गरज सर्वांत उशिरा पडणार आहे, ते काढा. अडचण एवढीच, की त्यासाठी भविष्य माहीत हवं. म्हणून बहुतेक जण 'बरेच दिवस न लागलेलं आधी काढा' यावर समाधान मानतात. वेबसाइटींचा मजकूर जगभर पोचवणाऱ्या अकामाय कंपनीला आपल्या सर्व्हरांवर आढळलं, की जवळपास तीन-चतुर्थांश गोष्टी एकदाच मागितल्या जातात. मग त्यांनी दुसऱ्यांदा मागणी आली तरच साठवायचं, असा नियम केला. चॅटमध्ये तो नियम जसाच्या तसा उचलू नये, असं माझं मत आहे. इथे भविष्य थोडंफार आधीच कळतं, कारण ग्रुपमध्ये किती माणसं आहेत हे प्लॅटफॉर्मला ठाऊक असतं. दोघांच्याच गप्पांमधला फोटो डिस्कवर ठेवला नाही तरी चालेल, पाचशे जणांचा मात्र पहिल्याच मागणीला ठेवावा.

आणि पाठवणाऱ्याने फोटो डिलीट केला तर? इथे एकच प्रत ठेवण्याची हुशारी अंगाशी येऊ शकते, कारण तीच प्रत दुसऱ्या नऊ ग्रुपांनाही हवी असते. म्हणून परवानगी फाइलला नाही, तर प्रत्येक संदेशाला जोडावी लागते. त्यासाठी लिंकमध्ये मुदत आणि डिजिटल सही, म्हणजे लिंक आपणच दिल्याची खोटी न करता येणारी खूण, घालतात. डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपने २०२३ मध्ये फाइलींच्या लिंकना अशी मुदत घालण्याची घोषणा केली. सर्व्हर आधी सही तपासतो, मग फाइल शोधतो ती फक्त ठशावरून. सही धरून शोधली तर प्रत्येक नवी लिंक म्हणजे नवा फोटो ठरेल आणि कॅशे असून नसल्यासारखा होईल. शेवटचा संदेश पुसला गेला, की फाइलही पुसायची. फोनवर पोचलेली प्रत मात्र सर्व्हरला परत मागवता येत नाही, म्हणून खासगी गप्पांमधल्या फोटोंना वर्षाऐवजी तासाभराचीच मुदत द्यावी.