शताधिपती वेगळा, अंमलदार वेगळा

गेल्या दोन महिन्यांत तिसऱ्यांदा ऐकलं. चर्चच्या पुलपिटवरून, तेही चांगल्या शिकलेल्या माणसाकडून, की शताधिपती (बायबलातला रोमी फौजेचा अधिकारी) घरी परत निघाला, वाटेत त्याचे नोकर भेटले, त्यानं विचारलं किती वाजता उतार पडला, आणि ते म्हणाले काल दुपारी एक वाजता. अहो तो शताधिपती नव्हे! तो दुसरा माणूस, दुसरं शुभवर्तमान (येशूची गोष्ट सांगणारं बायबलातलं पुस्तक), दुसरा आजारी, दुसरं गाव. कपाळाला हात लावून बाकावर बसून राहिलो आणि घरी येऊन हे टाइप करायला घेतलं, कारण चुकून एखादं नाव इकडचं तिकडं झालं तर मी काही बोलणार नाही, पण या दोघांना एक केलं की गोष्टीतली खरी मेख आहे तीच हातातून निसटते.

शताधिपतीची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. मत्तय 8, लूक 7. कफर्णहूम गाव, आजारी चाकर, शताधिपतीचा येशूला निरोप, "तुम्ही माझ्या छपराखाली यावं एवढी माझी लायकी नाही, नुसता शब्द बोला", येशूला आश्चर्य वाटतं, चाकर बरा. कॅथलिक मंडळी तर प्रत्येक मिस्साला, म्हणजे उपासनेला, ख्रिस्तशरीर (प्रसादाची भाकर) घेण्याआधी हेच वाक्य जरा बदलून म्हणतात, त्यामुळे जास्त सांगत बसत नाही.

दुसरी गोष्ट योहान 4 च्या शेवटी आहे आणि ती कुणी नीट वाचत नाही, कारण त्याच अध्यायात आधी विहिरीवरची शमरोनी बाई येते आणि सगळे तिथंच दमतात. येशू काना गावात आहे, म्हणजे जिथं पाण्याचा द्राक्षारस झाला तिथं. कफर्णहूमचा एक राजाचा माणूस तिथं येतो, त्याचा मुलगा तापानं मरायला टेकलाय. तो म्हणतो, खाली या. हे 'खाली' साधं नाही, काना डोंगराळ भागात आणि कफर्णहूम गालील सरोवराच्या काठाला, जे समुद्रसपाटीपेक्षा दोनशे मीटर खोल आहे. आपल्याकडं पन्हाळ्यावरचा माणूस "खाली जाऊन येतो" म्हणून कोल्हापूरला येतो तसंच, फक्त अंतर थोडं जास्त, पंचवीस-तीस किलोमीटर, आणि केएमटीची बस नाही. येशू जात नाही. म्हणतो, चिन्हं आणि चमत्कार बघितल्याशिवाय तुम्ही विश्वास ठेवणारच नाही. बाप त्यावर वाद घालत नाही, परत तेच म्हणतो, साहेब, माझं लेकरू मरायच्या आत खाली या. मग येशू म्हणतो, जा, तुझा मुलगा वाचला. आणि तो जातो. नोकर, उतार, सातवा तास (म्हणजेच दुपारी एक), ते सगळं इथलं आहे.

आता किरकोळ फरक पटापट. तिथं चाकर, इथं मुलगा (मत्तयचा मूळ ग्रीक शब्द 'पाइस', त्याचा अर्थ पोरगा पण होतो आणि पोऱ्या पण, मराठीतपण आपण हॉटेलातल्या माणसाला पोऱ्याच म्हणतो, तेव्हा ते सोडा). तिथं पक्षघात, इथं ताप. तिथं माणूस यहुदी नाही हे स्पष्ट आहे, इथं काहीच सांगितलेलं नाही. मत्तयमध्ये शताधिपती स्वतः येतो आणि लूकमध्ये आधी यहुदी वडीलमंडळी, मग मित्र, स्वतः येतच नाही, यावरून जे लोक रात्रभर भांडतात त्यांना माझा नमस्कार. कलेक्टरांनी अतिक्रमण काढलं असं पेपरात येतं तेव्हा कलेक्टर स्वतः फावडं घेऊन गेलेले असतात का? पण लूकमधली एक गंमत बघाच. वडीलमंडळी येशूला सांगतात, हा माणूस लायक आहे, आपल्या लोकांवर प्रेम करतो, आपलं सभास्थान यानंच बांधून दिलं. म्हणजे देणगीदाराची शिफारस. आणि तोच माणूस मागून निरोप पाठवतो की मी लायक नाही. शिफारसपत्र देणाऱ्यांनाच खोटं पाडलं गड्यानं.

आणि दोघांचा घोळ होतो त्याला आपली मराठी पण थोडी जबाबदार आहे. बायबलात योहानातल्या माणसाला 'अंमलदार' म्हटलंय. आज कोल्हापुरात अंमलदार म्हटलं की डोळ्यासमोर कोण येतं, पोलीस ठाण्यातला ठाणे अंमलदार, डायरी पुढ्यात ओढून बसलेला. मग शताधिपती पण खाकीवाला, अंमलदार पण खाकीवाला, झाले दोघे एक. मूळ शब्द 'बासिलिकोस', राजाकडचा, दरबारी. राजा म्हणजे बहुतेक हेरोद अंतिपा, जो खरं तर राजा पण नव्हता, गालीलचा मांडलिक, वर रोम. हे कोल्हापूरकराला समजावून सांगायची गरज पडू नये, 1949 पर्यंत आपलं संस्थानच होतं, गादीवर छत्रपती आणि इंग्रज होते तोवर डोक्यावर त्यांचा रेसिडेंट, आपल्या आजोबा-पणजोबांनी हे बघितलंय. म्हणजे योहानातला माणूस जुन्या राजवाड्यातला कारभारी समजा, आणि शताधिपती म्हणजे फौजेतला माणूस, हाताखाली नावाला शंभर, प्रत्यक्षात ऐंशीच्या आसपास शिपाई.

हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि इथंच सगळे घसरतात, म्हणून जरा वेळ घेतो.

दरबारातलं काम कसं चालतं? भेट घ्यायची. स्वतः जायचं, अर्ज करायचा, साहेबांना हलवायचं, साहेब जागेवर आले की काम झालं. अंमलदार नेमकं तेच करतोय. येशू आला तर मुलगा वाचेल, नाही आला तर नाही, आणि मेल्यावर येऊन उपयोग नाही. त्याच्या डोक्यात बरं करणं म्हणजे हजर असणं. हे वाईट नाही, आपणपण डॉक्टरला हेच म्हणतो.

फौजेत असं चालत नाही. तिथं हजर राहावं लागत नाही, हुकूम पोचला की झालं. आणि शताधिपतीचं ते वाक्य, जे बहुतेक जण उलटं ऐकतात, ते असं आहे: "कारण मीही अधिकाराखालचा माणूस आहे, आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत, एकाला जा म्हटलं की तो जातो." लोक काय ऐकतात? मी मोठा साहेब आहे, माझं लोक ऐकतात, तुम्ही तर त्याहून मोठे साहेब, तुमचं आजार ऐकेल. नाही हो, वाक्य तसं सुरूच होत नाही. ग्रीकमध्ये 'हुपो एक्सूसियान', हुपो म्हणजे खाली, एक्सूसिया म्हणजे अधिकार. आधी 'मी कुणाच्या तरी खाली आहे', मग 'माझ्या खाली काही जण आहेत'. आणि त्याच्या आधी तो चिमुकला 'मीही'. त्या 'ही' वर मी आख्खी रविवारची सभा घेईन, कुणी बोलावत नाही हा भाग वेगळा.

आमच्या गल्लीत शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचे एक रिटायर सुभेदार राहतात. त्या गावात घरटी एक फौजी म्हणतात. ख्रिस्ती नाहीत, बायबल कधी उघडलेलं नाही. कट्ट्यावर बसले होते, त्यांना एवढीच ओळ वाचून दाखवली आणि विचारलं, काका, हा माणूस आधी स्वतःला खालचा का म्हणतोय? एक सेकंद पण थांबले नाहीत. "मग बरोबर बोललाय की गडी. मी जवानाला जा म्हटलं तर त्यो काय माझ्या मिशा बघून जातोय व्हय? माझ्या मागं सीओ, त्याच्या मागं ब्रिगेड, त्याच्या मागं सगळं सरकार. मी खाली हाय म्हणून माझा हुकूम वरचा. पेन्शनीत आलो आणि आता नातवाला ये म्हटलं तर त्योबी येत न्हाई."

बास. एवढंच. मला कुठल्याही भाष्यात हे इतकं स्वच्छ सापडलं नव्हतं.

म्हणजे शताधिपतीनं येशूत काय ओळखलं? ताकद नाही. ताकद ओळखायला डोकं लागत नाही, गालीलभर बोभाटा होता. त्यानं हे ओळखलं की हा माणूस कुणाच्या तरी वतीनं बोलतोय, याच्या शब्दामागं आख्खं वरचं दप्तर उभं आहे, म्हणून याला घरी यायची गरज नाही. काही जणांना हे ऐकून धास्ती वाटते, येशूला कुणाच्या 'खाली' म्हणायचं म्हणजे काय, मान कमी होतो. तुमची काळजी समजते, पण योहान 5 मध्ये येशू स्वतःच म्हणतो की पुत्र आपण होऊन काही करत नाही, पित्याला करताना बघतो तेच करतो. मग शताधिपतीनं वेगळं काय सांगितलं?

सामर्थ्य आणि अधिकार हे दोन शब्द आपण प्रार्थनेत जोडीनं म्हणतो, चहा-बिस्कीट म्हटल्यासारखं, म्हणून वेगळे ऐकूच येत नाहीत. मार्क 5 मध्ये रक्तस्रावाची बाई वस्त्राला शिवते तेव्हा येशूला जाणवतं की आपल्यातून शक्ती निघाली. तो शब्द 'दुनामिस'. तिथं स्पर्श आहे. शताधिपतीच्या तोंडचा शब्द 'एक्सूसिया'. इथं स्पर्श नाही, अंतर नाही, घाम नाही. आणि मत्तय हा शब्द मुद्दाम पेरत चाललाय: डोंगरावरचं प्रवचन संपताना लोक थक्क होतात कारण तो शास्त्र्यांसारखा नाही तर अधिकार असल्यासारखा शिकवतो, लगेच पुढच्या अध्यायात आपला शताधिपती, मग 9 मध्ये पापांची क्षमा करायचा अधिकार, 10 मध्ये शिष्यांना अधिकार. सलग वाचलं तर दिसतं, पण आपण पडलो कॅलेंडरवरचं रोजचं एक वचन वाचणारे.

आता विश्वासाचं. येशूनं "इस्राएलात एवढा विश्वास सापडला नाही" म्हटलं ते शताधिपतीबद्दल. अंमलदाराला तसं काही म्हटलं नाही, त्याला तर आधी टोमणाच मिळाला, तोही अनेकवचनात, 'तुम्ही', म्हणजे आजूबाजूच्या गर्दीला धरून. त्यामुळे एक जण पास एक जण काठावर असा निकाल लावून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. योहान दोनदा लिहितो की त्यानं विश्वास ठेवला. एकदा शब्द ऐकून निघाला तेव्हा, आणि परत एकदा नोकरांकडून वेळ कळली तेव्हा, घरादारासकट. शताधिपतीचा विश्वास तयार होऊनच आला, याचा वाटेत तयार झाला. याउपर मार्क लावत बसू नका.

आणि माझी खरी चीड. चंगाई सभेत, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करायच्या सभेत, माइक घेऊन ओरडतात, शताधिपतीसारखा विश्वास धरा, आजाराला हुकूम सोडा, जा म्हणा की तो जाईल! अरे कुठं म्हटलं त्यानं आजाराला जा? त्यानं शिपायाला जा म्हटलं, जो त्याच्या हाताखाली होता. आजार आपल्या हाताखाली नाही हे त्याला पक्कं कळलं होतं म्हणून तर तो आला. हुकूम सोडणारा तो नव्हताच, हुकूम मागणारा होता. माझ्या मावशीच्या शेवटच्या आजारात एक जण घरी येऊन, चहा पिऊन, तिच्या उशाशी बसून म्हणून गेला की विश्वास कुठंतरी कमी पडतोय. ती ऐकत होती. दोन्ही गोष्टी काढून बघा, आजारी माणसाच्या विश्वासाबद्दल एक अक्षर नाही. चाकराला कुणी काही विचारलं नाही. मुलगा तापात होता, त्याला येशू कोण हे तरी माहीत होतं की नाही कुणास ठाऊक. विश्वास ठेवला तो दुसऱ्यानं, शब्द आला तो तिसऱ्याचा, आणि बरा झाला तो अंथरुणातला, ज्यानं काहीच केलं नाही.

कुणी विचारलं तुला दोघांतला कोण आवडतो तर उत्तर सोपं आहे, अंमलदार. शताधिपतीचं डोकं भारी, मान्य, पण त्याची परीक्षा मिनिटभराची. अंमलदाराला पाऊण-एक दिवसाची वाट होती. दुपारी एकला शब्द मिळाला, आणि नोकर भेटले तेव्हा ते म्हणाले "काल". यहुदी दिवस सूर्यास्ताला बदलतो म्हणून ती त्याच दिवशीची संध्याकाळ पण असू शकते, मला मात्र वाटतं त्यानं रात्र वाटेतच काढली. हातात ना औषध, ना येशू सोबत, मुलगा आहे की गेला कळायला फोन नाही, उतार उतरत चाललाय आणि डोक्यात तेवढंच एक वाक्य. नोकर समोरून येताना दिसले त्या क्षणी, ते तोंड उघडायच्या आधी, त्याला काय वाटलं असेल ते योहानानं लिहिलं नाही.