बेसिकमधील अंगभूत फंक्शन्स : दहा नावांच्या यादीची पार्श्वभूमी

१ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात, हॅनोव्हर येथील डार्टमथ कॉलेजात बेसिक या संगणक-भाषेतील पहिले प्रोग्राम चालले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये निघालेल्या माहितीपुस्तिकेत या भाषेबरोबर तयार मिळणारी दहा फंक्शन्स, म्हणजे ठरावीक आकडेमोड करून उत्तर देणाऱ्या आज्ञा, दिलेली आहेत : साइन, कॉस, टॅन, एटीएन (व्यस्त टॅन), एक्स्प (घातांकी फल), लॉग (नैसर्गिक लघुगणक), एब्स (केवल मूल्य, म्हणजे चिन्ह सोडून संख्येची किंमत), एसक्यूआर (वर्गमूळ), आयएनटी (पूर्णांक भाग) आणि आरएनडी (यादृच्छिक संख्या). पुढची वीस वर्षे शाळा, महाविद्यालये आणि घरगुती संगणक यांच्यावर जी असंख्य बेसिके चालली, त्यांच्या फंक्शनांचा गाभा ही यादीच होती. ती कशी ठरली आणि पुढे तिचे काय झाले, हे पाहिले की संगणक कोणासाठी आहे याविषयीच्या कल्पना कशा बदलत गेल्या तेही दिसते.

भाषेचे दोन्ही कर्ते, जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ, गणिताचे प्राध्यापक होते. केमेनी मूळचे बुडापेस्टचे. तरुणपणी त्यांनी लॉस अलामॉस येथे अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केले होते आणि पुढे प्रिन्स्टनमध्ये ते आइनस्टाइन यांचे गणित-साहाय्यक होते. डार्टमथकडे स्वतःचा संगणक नव्हता त्या काळात कर्ट्झ पंच कार्डांची पेटी घेऊन रेल्वेने बोस्टनला जात आणि एमआयटी या संस्थेतील आयबीएम ७०४ या संगणकावर प्रोग्राम चालवून परतत. कार्डावर एखादी चूक राहिली, तर ती दुरुस्त करून पाहण्यासाठी पुढच्या खेपेपर्यंत थांबावे लागे. डार्टमथमधील बहुसंख्य विद्यार्थी विज्ञान किंवा अभियांत्रिकीचे नव्हते, आणि त्यांनाही संगणक वापरता यावा ही या दोघांची मनापासूनची इच्छा होती. त्या दिशेने त्यांनी आधीही प्रयत्न केले होते. केमेनी यांनी १९५६ मध्ये डार्सिमको नावाची छोटी संकेतपद्धती रचली आणि १९६२ मध्ये सिडनी मार्शल या विद्यार्थ्यासह एलजीपी-३० या यंत्रासाठी डोप ही भाषा तयार केली. डोपमध्ये वर्गमूळ, लघुगणक, घातांकी फल आणि साइन यांची सोय होती. म्हणजे नवशिक्याला ही आकडेमोड स्वतः करायला लावायची नाही, हे बेसिकच्या आधीच ठरलेले होते.

ही सोय किती मोठी होती, हे आज चटकन ध्यानात येत नाही. संगणकाचे यंत्र मुळात बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार एवढेच करते. ०.७ रेडियनचा साइन काढायचा तर कोन आधी सोयीच्या लहान टप्प्यात आणावा लागतो, मग काळजीपूर्वक निवडलेल्या सहगुणकांच्या बहुपदीत त्याची किंमत घालावी लागते, आणि शेवटी चिन्ह नीट लावावे लागते. हे काम करणारा उपप्रोग्राम लिहायला संख्यात्मक विश्लेषणाचे ज्ञान लागते. कागदावर गणित करणारा विद्यार्थी अशा वेळी लॉग टेबल उघडत असे. बेसिकने ते कोष्टकच भाषेच्या आत घातले.

फोरट्रान या वैज्ञानिक आकडेमोडीच्या जुन्या भाषेतही अशी फंक्शन्स होती, पण तिथे पूर्णांक आणि दशांश संख्या हे वेगळे प्रकार असल्यामुळे केवल मूल्यासाठीसुद्धा फोरट्रान ४ मध्ये दशांशाला एब्स आणि पूर्णांकाला आयएब्स अशी दोन नावे लक्षात ठेवावी लागत. केमेनी आणि कर्ट्झ यांनी वापरणाऱ्यापुढे संख्येचा एकच प्रकार ठेवला, आणि त्यामुळे एका कामाला एकच फंक्शन पुरले. नावे सरसकट तीन अक्षरांची ठेवण्यातही नेमका विचार होता. बेसिकमधील चलाचे नाव फक्त एक अक्षर किंवा एक अक्षर व एक अंक एवढेच असू शकत असे, त्यामुळे तीन अक्षरे एकत्र दिसली की ते चल नव्हे हे कंपायलरला (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) आणि वाचणाऱ्यालाही लगेच कळे. फोरट्रानचे एसक्यूआरटी इथे एसक्यूआर झाले आणि एटॅनचे एटीएन झाले.

यादीत जे नाही, तेही पाहण्यासारखे आहे. व्यस्त त्रिकोणमितीय फंक्शनांपैकी एकटे एटीएन घेतले आहे, कारण व्यस्त साइन हवा असेल तर एटीएन(एक्स / एसक्यूआर(१ − एक्स × एक्स)) असे लिहून तो मिळवता येतो. दहा पायाचा लघुगणक नाही, कारण लॉग(एक्स) / लॉग(१०) एवढ्याने काम होते. पायची किंमतसुद्धा दिलेली नव्हती. ती ४ × एटीएन(१) अशी मिळत असे, आणि कोन रेडियनमध्येच द्यावे लागत असल्यामुळे ती वारंवार लागे. जे दुसऱ्यावरून काढता येते ते यादीत घालायचे नाही, हा गणितज्ञाचा काटकसरीपणा आहे, आणि तो मला शिकवण्याच्या दृष्टीनेही योग्य वाटतो, कारण ही सूत्रे स्वतः जुळवताना विद्यार्थी फंक्शनांमधले नाते शिकतो. शिवाय डीईएफ या विधानाने एफएनएपासून एफएनझेडपर्यंत सव्वीस स्वतःची फंक्शन्स एकेका ओळीत लिहिण्याची मुभा होती, त्यामुळे वगळलेल्या गोष्टींची भरपाई प्रत्येकाला आपापल्या गरजेप्रमाणे करता येई.

चुकीच्या बाबतीत धोरण सौम्य होते. ऋण संख्येचे वर्गमूळ मागितले तर तसा संदेश छापून संगणक त्या संख्येच्या केवल मूल्याचे वर्गमूळ घेई आणि पुढे चालू लागे. ऋण संख्येच्या लघुगणकाचेही तसेच. आजच्या शिस्तीत हे बसणार नाही, पण टेलिटाइपवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या टंकयंत्रावर, बसलेल्या नवख्या विद्यार्थ्याचा प्रोग्राम एका चुकीपायी मध्येच बंद पडू नये, ही काळजी त्यामागे स्पष्ट दिसते.

माहितीपुस्तिकेत पहिल्या आठ फंक्शनांचा तक्ता एका जागी आहे, आणि आयएनटी व आरएनडी या दोघांना वेगळे स्पष्टीकरण लागते म्हणून ती पुढे स्वतंत्रपणे समजावलेली आहेत. माझ्या मते बेसिकचा खरा प्रसार या दोन फंक्शनांनी केला, कारण साइन आणि लॉग यांची गरज मोजक्या विषयांना असते, तर या दोघांची जोडी हाती आली की फासे टाकता येतात, पत्ते पिसता येतात आणि रांगेत येणाऱ्या गिऱ्हाइकांचे सादृश्यीकरण करता येते.

आयएनटी सुरुवातीला फक्त दशांश भाग छाटून टाकत असे, म्हणजे आयएनटी(२.३५) ची किंमत २ आणि आयएनटी(−२.३५) ची −२ येई. पुढच्या आवृत्त्यांत व्याख्या बदलली आणि दिलेल्या संख्येपेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक, हा गणितातील रूढ अर्थ स्वीकारला गेला, मग −२.३५ साठी −३ येऊ लागले. बदल बारीक असला तरी त्याचा फायदा प्रत्यक्ष होता, कारण जवळच्या पूर्णांकात रूपांतर करण्याचे आयएनटी(एक्स + ०.५) हे नेहमीचे सूत्र आता ऋण संख्यांनाही लागू पडले. जुन्या व्याख्येत −२.७ ला हे सूत्र लावले तर −३ ऐवजी −२ मिळत असे.

आरएनडी ० आणि १ यांच्या दरम्यानची यादृच्छिक संख्या देते. पहिल्या आवृत्तीत तिलाही कंसात काहीतरी द्यावेच लागे, मात्र त्या किंमतीचा काहीही उपयोग होत नसे, म्हणून लोक आरएनडी(एक्स) किंवा आरएनडी(झेड) असे कोणतेही अक्षर घालत. फाशासाठी आयएनटी(६ × आरएनडी(एक्स) + १) असे लिहिले की १ ते ६ पैकी एक संख्या मिळे. प्रोग्राम पुन्हा चालवला की संख्यांची तीच मालिका पुन्हा येई, आणि चूक शोधताना ते सोयीचेच होते, कारण प्रत्येक वेळी आकडे बदलले तर दोष प्रोग्रामचा की आकड्यांचा हे कळत नाही. मालिका खरोखर बदलायची असेल तेव्हासाठी पुढे रँडमाइज हे विधान आले आणि आरएनडीच्या मागचा निरर्थक कंसही गेला. दरम्यान संख्येचे चिन्ह सांगणारे एसजीएन हे अकरावे फंक्शन यादीत आले होते.

१९७५ मध्ये ऑल्टेअर या सूक्ष्मसंगणकासाठी बिल गेट्स, पॉल अ‍ॅलन आणि मॉन्टी डेव्हिडॉफ यांनी बेसिक लिहिले, तेव्हा प्रश्न वेगळा होता. डेव्हिडॉफ यांच्याकडे दशांश गणिताचा भाग होता. सगळी भाषा ४ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रात बसवायची, म्हणून त्या सर्वांत लहान आवृत्तीत त्रिकोणमितीतले फक्त साइन राहिले. कॉस, टॅन, एटीएन, लॉग आणि एक्स्प यांना जागा मिळाली नाही. एवढ्यावरही भागत नसे. बेसिक सुरू होताना साइन हवे का, आरएनडी हवे का, एसक्यूआर हवे का असे विचारले जाई, आणि नको म्हटले की त्या फंक्शनाची जागा वापरणाऱ्याच्या प्रोग्रामला मिळे. ८ किलोबाइटच्या आवृत्तीत चारही त्रिकोणमितीय फंक्शन्स होती, पण तिथेही त्यांच्याविषयी असाच प्रश्न येत असे. डार्टमथमध्ये ज्यांच्यावाचून भाषा पुरी होत नव्हती, ती फंक्शन्स इथे दर वेळी मोजूनमापून ठेवायची वस्तू झाली.

जागेची ही चणचण इतरांनी आपापल्या परीने सोडवली. स्टीव्ह वॉझनियाक यांनी अ‍ॅपलसाठी लिहिलेल्या इंटिजर बेसिकमध्ये दशांश संख्याच नव्हत्या, त्यामुळे साइन आणि वर्गमूळ आपोआप गेले. आरएनडी मात्र राहिले आणि आरएनडी(६) म्हटले की ० ते ५ पैकी पूर्णांक मिळू लागला. गेट्स आणि अ‍ॅलन यांच्या मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या बेसिकमध्ये आरएनडी(१) नवी संख्या देई, आरएनडी(०) आधीचीच संख्या पुन्हा देई आणि कंसातील ऋण संख्येने मालिका नव्याने सुरू होई. एकेकाळी निरर्थक असलेल्या त्या कंसात प्रत्येकाने आपला अर्थ भरला. एका यंत्रासाठी छापलेला खेळ दुसऱ्यावर टंकित केला की फासा चुकीचा पडे, त्याचे कारण बहुधा याच एका फंक्शनात सापडे. डार्टमथच्या पहिल्या यादीत नसलेली कितीतरी फंक्शन्सही या काळात रूढ झाली : अक्षरमालेचे तुकडे करणारी लेफ्ट, राइट आणि मिड, आणि स्मृतीतील एखाद्या पत्त्यावर काय आहे ते वाचणारे पीक.

या विस्कळीतपणाला उत्तर म्हणून १९७८ मध्ये अमेरिकेत मिनिमल बेसिकचे प्रमाणक प्रसिद्ध झाले. त्यात अकरा फंक्शन्स आहेत, म्हणजे १९६४ ची दहा आणि त्यांच्या जोडीला एसजीएन. आरएनडीला कंस नाही. तोपर्यंत सूक्ष्मसंगणकांच्या बाजारात मायक्रोसॉफ्टची पद्धत रुळली होती आणि निर्मात्यांनी प्रमाणकाकडे फारसे पाहिले नाही.

भारतात हा फरक शाळांपर्यंत पोचला. १९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पात ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक वापरले गेले. त्यांच्यावरचे बेसिक सोफी विल्सन यांनी लिहिलेले होते. त्यात व्यस्त साइन, व्यस्त कोसाइन, पायची किंमत, अंश आणि रेडियन यांचे रूपांतर अशा, केमेनी आणि कर्ट्झ यांनी मुद्दाम गाळलेल्या गोष्टी तयार दिलेल्या होत्या. लॉग मात्र तिथे दहा पायाचा होता आणि नैसर्गिक लघुगणकासाठी एलएन हे वेगळे नाव होते. त्यामुळे लॉग(१००) चे उत्तर बीबीसी मायक्रोवर २ येई, तर पीसीवरील जीडब्ल्यू-बेसिक या मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमध्ये, डार्टमथच्या मूळ पुस्तिकेतील अर्थाप्रमाणे, ४.६०५१७ येई.